व्हिडिओ पाहताना सारे समजते, पण रिकाम्या फाइलसमोर काहीच सुचत नाही: वेब डेव्हलपमेंटचा ऑनलाइन अभ्यास कसा करावा?

प्रश्न

नमस्कार. मी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या आधारे वेब डेव्हलपमेंट शिकत आहे. संगणकशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेले नाही. एचटीएमएल आणि सीएसएसचा एक अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे आणि जावास्क्रिप्टचा दुसरा अर्ध्याच्या पुढे गेला आहे. शिक्षक स्क्रीनवर कोड लिहीत असतात तेव्हा मीही सोबत लिहिते, प्रत्येक ओळ कशासाठी आली हे मला कळते आणि धड्याच्या शेवटी माझ्या ब्राउझरमध्येही तेच पान दिसते. मात्र व्हिडिओ बंद करून तसेच एखादे पान स्वतः करायला बसले, की पहिली ओळ कोणती लिहावी इथपासूनच अडायला होते.

अशा वेळी दुसरा, अधिक सविस्तर अभ्यासक्रम घ्यावा, की आहे तोच संपवावा म्हणजे पुढे आपोआप जमू लागेल? शिवाय जिथे पाहावे तिथे रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचाच (तयार कोडच्या संचाचाच) उल्लेख आढळतो. त्याकडे वळण्याआधी जावास्क्रिप्ट किती यायला हवी? आणि अभ्यासक्रमाच्या शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्राला पुढे कितपत अर्थ असतो? जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

पहिले उत्तर

आपण जे वर्णन केले आहे ते आकलनातील उणिवेचे लक्षण नाही. समोर आलेली गोष्ट ओळखणे आणि समोर काही नसताना ती आठवून मांडणे, ही दोन वेगळी कामे आहेत आणि व्हिडिओ आपल्याकडून केवळ पहिले काम करून घेतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहेत. त्यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे अभ्यासायला दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, तर काहींनी एकदा वाचून मग न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, परंतु आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे सरस ठरले. पुन्हा वाचणाऱ्यांना स्वतःच्या स्मरणाविषयी अधिक खात्री वाटत होती, हा त्यातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग आहे. व्हिडिओसोबत कोड लिहिताना ‘हे मला येते’ असे जे वाटते, ते याच जातीचे आहे.

दुसरी गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. शिक्षक रेकॉर्डिंगला बसतात तेव्हा त्यांचे सगळे निर्णय आधीच झालेले असतात: पानाचे भाग कसे पाडायचे, कोणत्या भागाला कोणता टॅग द्यायचा, क्लासला काय नाव ठेवायचे, माहिती अ‍ॅरेमध्ये (क्रमवार यादीत) ठेवायची की ऑब्जेक्टमध्ये (नावे दिलेल्या किमतींच्या संचात). आपल्याला दिसतो तो त्या निर्णयांचा शेवट, आणि प्रत्यक्ष कामात मात्र नेमके ते निर्णयच आपल्याला घ्यायचे असतात. म्हणून रिकाम्या फाइलसमोर जे अडते ते भाषेचे ज्ञान नसते. काय ठरवायचे आहे हेच अद्याप कोणी आपल्याला विचारलेले नसते.

यावर उपाय असा, की शिक्षकांनी धड्यातील समस्या सांगून झाली की व्हिडिओ तिथेच थांबवावा आणि कोडला हात न लावता, कागदावर साध्या मराठीत पायऱ्या लिहाव्यात. समजा, बटन दाबल्यावर मेनू उघडायचा आहे. मग प्रश्न असे पडतात: मेनू आधीपासून पानात असेल की नंतर तयार करायचा? आधीपासून असेल तर सुरुवातीला तो लपवायचे काम कोण करील, सीएसएस की जावास्क्रिप्ट? बटन दाबले गेले हे कळणार कसे? आणि मेनू सध्या उघडा आहे की बंद, ही माहिती कुठे राहील? यांची उत्तरे लिहिली, की कोड जवळजवळ ठरूनच जातो: मेनूला लपवणारा एक क्लास, बटनावर क्लिकची वाट पाहणारे एक फंक्शन आणि त्या फंक्शनमध्ये तो क्लास लावणारी किंवा काढणारी एक ओळ. त्यानंतर व्हिडिओ पुढे चालवावा. शिक्षकांनी वेगळा मार्ग निवडला असेल तर तो का निवडला, हे आता आपल्याला खऱ्या अर्थाने समजेल, कारण तोच प्रश्न आपण स्वतः हाताळलेला असेल.

दुसऱ्या दिवशी तेच पान रिकाम्या फाइलपासून पुन्हा लिहावे. जिथे अडेल तिथे व्हिडिओ उघडू नये. मॉझिलाचे एमडीएन हे संदर्भस्थळ उघडावे. व्हिडिओत हवी ती ओळ शोधता येत नाही, लिखित संदर्भात ती मिनिटभरात सापडते, आणि काय शोधायचे हे शब्दांत मांडण्याची सवयही त्यातूनच लागते. पान जमले की त्यात एक गोष्ट अशी बदलावी जी धड्यात नव्हती: मेनूबाहेर कुठेही क्लिक केले तर तो बंद व्हावा, किंवा एस्केपची कळ दाबल्यावर मिटावा. हा लहानसा बदल एका नव्या धड्याहून अधिक शिकवतो.

नवा अभ्यासक्रम मात्र सध्या घेऊ नये. त्याचे सुरुवातीचे धडे आपल्याला येत असलेल्या गोष्टींचेच असतील, ते भराभर पुढे सरकतील, प्रगतीचा भास होईल आणि जिथे आज अडले आहे तिथेच पुन्हा अडेल.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु ते वाचून कोणी नवशिक्याने प्रत्येक गोष्ट स्वतःच शोधून काढायचा हट्ट धरू नये, म्हणून एक मर्यादा नोंदवतो. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांना सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासायला मिळाली, त्यांना शिकायला कमी वेळ लागला आणि तशाच प्रकारची पुढची उदाहरणे त्यांनी केवळ गणिते सोडवत बसलेल्यांपेक्षा लवकर व कमी चुका करत सोडवली. याचे कारण असे सांगितले जाते की नवशिक्याची सगळी मानसिक शक्ती वाट शोधण्यातच खर्च होते आणि उत्तराची रचना मनात रुजायला जागा उरत नाही. जाणकारी वाढत जाते तसा दाखवलेल्या उदाहरणांचा हा लाभ कमी होत जातो.

म्हणून सोडवून दाखवलेले एक उदाहरण आणि लगेच त्याच धर्तीचे, स्वतः सोडवायचे दुसरे, अशी आलटूनपालटून योजना करावी. अडल्यावर अर्धा तास प्रामाणिकपणे प्रयत्न करावा आणि त्यानंतर निःसंकोच उत्तर पाहावे. तीन तास एकाच जागी अडकून राहण्यात काही मोठेपण नाही. त्यातून बहुतेकदा केवळ थकवा हाती लागतो.

अभ्यासक्रम बदलायचाच झाला, तर तो व्हिडिओंची लांबी पाहून निवडू नये. विद्यार्थ्याकडून तो काय करून घेतो हे पाहावे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या फ्रीकोडकॅम्पमध्ये कोड ब्राउझरमध्येच लिहायचा असतो आणि तो बरोबर आहे की नाही हे चाचण्यांतून तत्काळ कळते. सुरुवातीला हा आधार मोलाचा असतो, पण पायऱ्या इतक्या लहान असतात की स्वतंत्र निर्णयाची सवय वेगळी लावून घ्यावी लागते. द ओडिन प्रोजेक्ट याच्या उलट स्वभावाचा आहे: तो स्वतःच्या संगणकावर सगळी जुळवाजुळव करायला लावतो, गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) लवकर शिकवतो, भरपूर वाचायला देतो आणि प्रकल्पाचे केवळ वर्णन देऊन बाजूला होतो. आपली अडचण पाहता तो आपल्याला अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते. हेलसिंकी विद्यापीठाचा फुल स्टॅक ओपन उत्तम आहे, मात्र त्यात प्रोग्रामिंगची चांगली ओळख गृहीत धरलेली आहे, त्यामुळे तो नंतरसाठी राखून ठेवावा. हार्वर्डच्या सीएस५०मध्ये वेबपेक्षा प्रोग्रामिंगच्या मूलभूत विचारावर भर आहे. हे चारही मोफत शिकता येतात. यांपैकी एकच निवडावा आणि त्यातील प्रकल्प टाळू नयेत. ऐकायचे धडे घेऊन प्रकल्प सोडून दिले, तर अभ्यासक्रम कोणता होता याला काही अर्थ उरत नाही.

तिसरे उत्तर

रिअ‍ॅक्टविषयीच्या प्रश्नाला अद्याप कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहिते.

रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेली लायब्ररी आहे, त्यामुळे तिच्या कोडमध्ये न कळणारी प्रत्येक ओळ रिअ‍ॅक्टची असतेच असे नाही. नवशिक्याला गोंधळात टाकणाऱ्या ओळी पुष्कळदा निव्वळ जावास्क्रिप्टच्या असतात. फंक्शनला दुसरे फंक्शन देणे, अ‍ॅरेवर मॅप आणि फिल्टर वापरणे, ऑब्जेक्टमधून हव्या त्या किमती वेगळ्या काढणे, कोड मॉड्यूलमध्ये विभागणे, फेचने सर्व्हरकडून माहिती मागवणे आणि ती यायला लागणारा वेळ प्रॉमिस व असिंक-अवेटच्या साहाय्याने हाताळणे, एवढे मदतीशिवाय करता येऊ लागले की रिअ‍ॅक्टकडे वळायला हरकत नाही. तोपर्यंत साध्या जावास्क्रिप्टने पान बदलत राहावे. माहिती बदलली की पानाचा प्रत्येक संबंधित भाग आपणच आठवणीने बदलायचा, याचा त्रास एकदा अनुभवला की रिअ‍ॅक्ट नेमके कशासाठी निर्माण झाले हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अभ्यासक्रम केव्हा तयार झाला आहे, हे मात्र जरूर तपासावे. रिअ‍ॅक्ट २०१३ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यात हुक्स (साध्या फंक्शनमध्येच माहिती सांभाळण्याची सोय) आले, तेव्हापासून ते लिहिण्याची पद्धतच पालटली; त्याआधीचे धडे क्लास कंपोनंटवर (पानाचे भाग क्लासच्या रूपात लिहिण्याच्या जुन्या पद्धतीवर) उभे आहेत. नवा प्रकल्प सुरू करण्यासाठी वर्षानुवर्षे शिकवले गेलेले क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप हे साधन फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या प्रकल्पांसाठी अधिकृतपणे बाद ठरवण्यात आले, म्हणून ज्याचा पहिलाच धडा त्या आज्ञेने सुरू होतो तो अभ्यासक्रम सध्या टाळलेला बरा. सीएसएसमध्ये पानाची मांडणी फ्लोटने शिकवली जात असेल, तर तोही जुना समजावा, कारण मांडणीसाठीच घडवलेले फ्लेक्सबॉक्स रुळले आहे आणि तसेच ग्रिडही २०१७ पासून प्रमुख ब्राउझरमध्ये उपलब्ध आहे. याउलट कॅस्केड (सीएसएसच्या नियमांतील अग्रक्रम), बॉक्स मॉडेल (घटकाच्या चौकटीची मापे), एचटीएमएलची रचना, एचटीटीपीच्या विनंत्या आणि प्रतिसाद हे विषय इतके स्थिर आहेत की त्यांचा चांगला धडा जुना झाला तरी वाया जात नाही.

आता थोडे विषयाला लागूनच, पण माझ्या कळकळीचे. बहुतेक अभ्यासक्रम एचटीएमएल घाईघाईने उरकतात आणि विद्यार्थी पुढे प्रत्येक गोष्ट डिव्ह या निव्वळ चौकटीच्या टॅगमध्ये घालू लागतो. डिव्हवर क्लिकचे फंक्शन लावले तर माउस वापरणाऱ्याला ते बटनासारखेच भासते, परंतु टॅबच्या कळीने तिथे पोहोचता येत नाही, एंटर दाबून काही होत नाही आणि दृष्टिहीन व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला तिथे बटन आहे हेच कळत नाही. बटन हा टॅग वापरला की हे सगळे ब्राउझर स्वतःहून करतो. फॉर्ममधील प्रत्येक रकान्याला लेबल जोडावे. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत पुरेसा फरक ठेवावा. वेबच्या सुलभतेसाठी असलेल्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांच्या एए पातळीनुसार सामान्य आकाराच्या मजकुरासाठी या दोन रंगांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५:१ असावे लागते आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ते मोजता येते. प्रत्येक पान तयार झाल्यावर माउस बाजूला ठेवून, केवळ कीबोर्डने ते वापरून पाहावे. ही सवय पहिल्या पानापासून लावली तर तिचा भार वाटत नाही. आधी सगळे उभे करून मग दुरुस्त करायला घेतले, तर पानाची अर्धीअधिक रचना उकलावी लागते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनेनुसार कागदावर पायऱ्या लिहून एक छोटे पान स्वतः करायला घेतले आहे: वाचलेल्या पुस्तकांची नोंदवही. पुस्तकाचे नाव आणि पृष्ठसंख्या भरून बटन दाबले की नोंद यादीत येते आणि खाली एकूण पृष्ठे दिसतात. यादी नीट चालते, पण १२० आणि ८० पृष्ठांची दोन पुस्तके भरली की एकूण पृष्ठे २०० ऐवजी ‘०१२०८०’ अशी दिसतात. शिवाय पान रिफ्रेश केले की सगळ्या नोंदी नाहीशा होतात. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (एरर आणि संदेश दाखवणाऱ्या खिडकीत) कोणतीही एरर दिसत नाही, त्यामुळे शोध कुठून सुरू करावा हे कळेनासे झाले आहे.

पहिले उत्तर देणारे, पुन्हा

छान प्रश्न आहे, कारण कोणत्याही व्हिडिओने हा आपल्यासमोर ठेवला नसता.

एरर नसताना शोध घेण्याची रीत अशी, की उत्तर चुकीचे दिसते त्या जागेपासून मागे मागे जावे आणि प्रत्येक टप्प्यावर किंमत काय आहे एवढेच न पाहता तिचा प्रकार काय आहे हेही पाहावे. बेरजेच्या ओळीच्या आधी कन्सोल.लॉगमध्ये पृष्ठसंख्येची किंमत आणि टाइपऑफने मिळणारा तिचा प्रकार, दोन्ही छापून पाहा. तिथे नंबरऐवजी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असे दिसेल. इनपुटमधून व्हॅल्यूने घेतलेली किंमत नेहमी स्ट्रिंगच असते, इनपुटचा प्रकार नंबर ठेवला असला तरीसुद्धा. आणि अधिक चिन्हाच्या एका बाजूला जरी स्ट्रिंग असली, तरी जावास्क्रिप्ट बेरीज न करता दोन्ही जोडून टाकते. आपली सुरुवातीची बेरीज ०, तिला ‘१२०’ जोडले, मग ‘८०’ जोडले. म्हणून पुढचे शून्यही उत्तरात दिसत आहे. त्या शून्यातच खरे तर उत्तराचा सुगावा होता. वजाबाकी किंवा गुणाकार असता तर जावास्क्रिप्टने आपणहून अंकांत रूपांतर केले असते, त्यामुळे हा दोष काही ठिकाणी प्रकट होतो आणि काही ठिकाणी लपून राहतो.

इनपुटमधून किंमत घेताक्षणी नंबर या फंक्शनने तिचे रूपांतर करावे. बेरजेच्या वेळी करू नये, म्हणजे यादीत पहिल्यापासून खरे अंकच जातील. मात्र एक पाहावे: रिकाम्या इनपुटचे रूपांतर ० होते, आणि अंक नसलेल्या अक्षरांचे नॅन (‘हा अंक नाही’ अशी खूण) होते, जे एकदा बेरजेत शिरले की संपूर्ण बेरीजच नॅन करून टाकते. तेव्हा नोंद यादीत घालण्याआधी पृष्ठसंख्या शून्याहून मोठी आहे ना, ही एक तपासणी करावी. त्यात दोन्ही प्रकार अडतात.

नोंदी नाहीशा होण्याचे कारण असे, की व्हेरिएबल पानाच्या आयुष्यापुरतेच जगते. रिफ्रेश म्हणजे त्या पानाचा नवा जन्म. ब्राउझरमधील लोकलस्टोरेज हा पहिला उपाय. त्यात फक्त स्ट्रिंग ठेवता येते, म्हणून अ‍ॅरे आत ठेवताना जेसॉन या मजकूररूपी मांडणीच्या स्ट्रिंगिफायने आणि बाहेर काढताना पार्सने रूपांतर करावे लागते. अगदी पहिल्या वेळी तिथे काहीच नसते आणि नल (‘किंमत नाही’ अशी खूण) मिळते, तेव्हा रिकाम्या अ‍ॅरेने सुरुवात करण्याची सोय कोडमध्ये असावी. या नोंदी त्याच संगणकावरच्या त्याच ब्राउझरपुरत्या राहतात. त्या दुसऱ्या ठिकाणाहूनही दिसाव्यात असे वाटू लागले, की सर्व्हर आणि डेटाबेस शिकण्याची वेळ आली असे समजावे. ते धडे मग आपण कारण जाणून ऐकाल.

आणखी एक. पुस्तकाचे नाव यादीत दाखवताना इनरएचटीएमएल वापरले असेल, तर त्याऐवजी टेक्स्टकंटेंट वापरावे. वापरणाऱ्याने भरलेला मजकूर एचटीएमएल म्हणून पानात घातला, तर कोणी पुस्तकाच्या नावाच्या जागी कोड भरू शकतो आणि ब्राउझर तो चालवू शकतो. आज नोंदवही फक्त आपल्यासाठी आहे, तरी हात आतापासूनच योग्य वळणाचा असावा.

चौथे उत्तर

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात लिहितो. अभ्यासक्रम पूर्ण केला एवढेच ते सांगते; धडे पाहून पूर्ण केला की स्वतः विचार करून, हे त्यातून कळत नाही. काम देणाऱ्याला ते कळते ते चालू स्थितीतल्या पानावरून आणि त्यामागच्या गिटच्या इतिहासावरून. म्हणून नोंदवहीचा प्रकल्प आजच गिटमध्ये घ्यावा आणि प्रत्येक लहान बदलाच्या वेळी काय बदलले व का बदलले हे कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात एका वाक्यात लिहावे. ‘पृष्ठसंख्या इनपुटमधून घेतानाच अंकात बदलली, कारण बेरजेत स्ट्रिंग जोडल्या जात होत्या’ हा एक संदेश वाचणाऱ्याला आपल्याविषयी पुष्कळ सांगून जाईल.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबतही विचारणा होईलच, म्हणून सांगतो. त्यांच्याकडून तयार कोड घेतला तर व्हिडिओचीच अडचण नव्या रूपात उभी राहते, कारण निर्णय पुन्हा दुसऱ्यानेच घेतलेले असतात. आपला कोड दाखवून ‘यात कोणता प्रसंग माझ्या लक्षात आलेला नाही?’ असे विचारावे, किंवा न कळलेल्या एररचा अर्थ समजून घ्यावा. आणि मिळालेले उत्तर एमडीएनशी ताडून पाहावे, कारण ही साधने चुकीची गोष्टही तितक्याच ठामपणे सांगतात.

नोंदवही चालू लागली की ती गिटहब पेजेस या, पाने वेबवर ठेवण्याच्या सेवेवर ठेवता येईल. सर्व्हरचा कोड नसलेल्या पानासाठी ते पुरेसे आहे. तिथे ठेवल्यावर दुसऱ्या कोणाला पान वापरायला द्यावे आणि आपण काही न सांगता ती व्यक्ती कुठे थबकते ते पाहावे. नोंदी प्रत्येकाच्या ब्राउझरपुरत्याच राहतात, हे मात्र पानावर एका ओळीत स्पष्ट लिहावे, म्हणजे दुसऱ्या संगणकावर यादी रिकामी दिसली तर त्या व्यक्तीला आपल्या नोंदी पुसल्या गेल्या असे वाटणार नाही.